पेटीवाले काका पुण्याला गेले, आता साथ कोण करणार?

प्रश्न : आमचं लोकमान्य नगरात बायकांचं भजनी मंडळ आहे. पेटी वाजवणारे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. नातवानं माझ्या टॅबवर एक अ‍ॅप टाकून दिलंय : एका बाजूला कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची) बटणं, दुसऱ्या बाजूला बोट फिरवायची पट्टी. जुन्या जपानी ऑम्निकॉर्डची नक्कल म्हणे. आवाज थेट स्वरमंडळाचा. मी काळी पाचमध्ये गाते. यावर साथ होईल का, की तानपुऱ्याचं अ‍ॅपच बरं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, होईल, पण सगळ्या भजनांना नाही.

ऑम्निकॉर्ड सुझुकी कंपनीनं 1981 मध्ये काढलं. ज्यांना पेटी-गिटार येत नाही त्यांनाही गाण्यामागे सूर भरता यावेत, एवढाच त्याचा हेतू. एका बटणात तीन-चार स्वर बांधलेले असतात. तुम्ही फक्त पट्टी छेडायची.

बटणांचं जंगल बघून घाबरू नका. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. त्या उभ्या ओळीतलं मेजरचं बटण तुमचं सा-ग-प. लगेच डावीकडे ई फ्लॅट : म-ध-सा. उजवीकडे एफ : प-नी-रे. साध्या चालीची निम्मी भजनं या तिघांत निघतात. एफच्याच ओळीतलं सेव्हन्थचं बटण दाबलंत तर त्यात मध्यमही मिसळतो आणि सा वर परतायची छान ओढ लागते. भैरवीला सा च्या ओळीतलं मायनर धरा, गंधार कोमल होईल.

आता अडचण. बटणातले स्वर सुटे होत नाहीत. भूपातल्या भजनात डावं बटण दाबलं की मध्यम घुसला, उजवं दाबलं की निषाद. दोन्ही तिथे वर्ज्य. मग सा चं बटण आणि तिथून उजवीकडे तिसऱ्या ओळीतलं जी मायनर, एवढ्यावरच राहा. त्यात ध-सा-ग येतात, भूपाला धक्का लागत नाही. मालकंसाला मात्र हे वाद्य हातात घेऊच नका. त्या रागात पंचम वर्ज्य, आणि सा चं कुठलंही साधं बटण पंचम वाजवणारच, आणि गायक अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात मालकंसात पंचम लावायचा म्हणजे फारच झालं! तिथे तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि शांतपणे गा.

बायका सहसा एक चूक करतात : पट्टी हातात आली की प्रत्येक मात्रेला झणकारतात. शब्द ऐकूच येत नाहीत. सम आली की एकदा, ओळ संपली की एकदा, पुरे. ढोलकी असेल तर अ‍ॅपमधला ताल बंदच ठेवा. त्यातला वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा पाश्चात्त्य ताल दादऱ्याच्या जवळपास जातो खरा, पण वाजवणारी थोडी मागेपुढे झाली की यंत्र काही तिच्यासाठी थांबत नाही.

स्पीकर वायरनं जोडा. ब्लूटूथवर बोट आधी आणि आवाज मागाहून, असं होतं. गाताना ते फार टोचतं. काचेवर बटणं बोटांना चाचपता येत नाहीत, म्हणून टॅब भजनाच्या वहीशेजारीच तिरका उभा करा. आणि फ्लाइट मोड आठवणीनं लावा, नाहीतर ऐन गजरात सिलिंडरवाल्याचा फोन यायचा.