नुसतं 'छान आहे' लिहू नकोस

तुझं मत वाचलं. 'मस्त सिनेमा, नक्की बघा.' अगं, पण का बघा? एक प्रसंग तरी सांग.

'कोर्ट'चंच घे. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा, २०१४चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेला. घरी पहिल्यांदा लावला तेव्हा मी एकीकडे मेथी निवडत होते आणि 'फारच संथ' असा शेरा मारून मोकळी झाले. चूक माझीच. त्यात कॅमेरा बराच वेळ एका जागी ठाम असतो, माणसं त्याच्यासमोर येतात-जातात. मान खाली घालून बसलात तर हाती काही लागत नाही. दुसऱ्यांदा नीट बघितला. गीतांजली कुलकर्णी त्यात सरकारी वकील आहे. कोर्टात रूक्षपणे कलमं वाचणारी ही बाई लोकलमधून घरी जाते, मुलाला घेते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. तिचा राग येत होता, तोच जरा अडखळला. मला लिहायचं होतं ते हे.

तेव्हा कसा बघितलास तेही लिही: सलग की तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने, मूळ भाषेत की डब केलेला. वेबसिरीज दोन भागांवर सोडलीस तर तसं सांग, त्यात कमीपणा नाही.

शेवट मात्र फोडू नकोस. फोडायचाच असेल तर वर ठळक इशारा दे. आणि कथा सांगण्यात चार ओळींच्या वर घालवू नकोस, ती कुठेही मिळते.