प्राचीन ग्रीक नाणी जमवायची आहेत, सुरुवात अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यापासून करू का?

घुबडाचं नाणं जरूर घ्या, पण पहिलं म्हणून नको.

अथेन्सचं हे चार द्राख्मांचं नाणं (द्राख्म म्हणजे ग्रीकांचं चांदीचं चलन). एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणीतल्या चांदीची ही नाणी इ.स.पू. पाचव्या शतकात भरपूर पाडली गेली, म्हणून आजही मिळतात. पण ती सगळ्यांनाच हवी असतात. त्यामुळे महाग, आणि बनावटही तीच जास्त.

माझं पहिलं घुबड बनावटच निघालं. एका प्रदर्शनात घेतलं आणि घरी येताना सोनाराच्या काट्यावर ठेवलं, तर वजन भरलं 14 ग्रॅम. अस्सल नाणं 17.2 ग्रॅमच्या आसपास असतं. भिंगातून पाहिल्यावर सगळ्या कडेने एक बारीक रेघ दिसली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. अस्सल नाणं ओतलेलं नसतं, दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं. कडेला ताणाच्या चिरा चालतील; अशी रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले की परत करा. काही अथेनियन नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो. आत तांबं तर नाही ना, हे त्या काळचे लोक असं तपासत. घावामुळे किंमत उतरते. मला मात्र तीच नाणी जवळची वाटतात, कारण ती खरोखर हातोहात फिरली.

पहिलं नाणं म्हणून मी मिनँडरचा चांदीचा द्राख्म सुचवेन. मिनँडर म्हणजे वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा, बौद्ध साहित्यातला मिलिंद, इ.स.पू. दुसरं शतक. वजन जेमतेम अडीच ग्रॅम, नखाएवढं नाणं, किंमत घुबडापेक्षा पुष्कळ कमी. आणि तुम्हाला ते वाचता येईल! राजाच्या डोक्याभोवती ग्रीक अक्षरांत 'बासिलेऑस सोतेरॉस मेनांद्रू'. उलटं केलं की वज्र फेकणारी अथेना आणि तिच्याभोवती खरोष्ठी या जुन्या भारतीय लिपीत तेच, 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. 'सोतेर' म्हणजे त्राता, हे कुणी सांगावं लागत नाही, नाणंच सांगतं. अशा दुभाषी नाण्यांवरूनच 1830 च्या दशकात जेम्स प्रिन्सेप वगैरे इंग्रज अभ्यासकांना खरोष्ठीची अक्षरं लागली. ग्रीक वर्णमाला दोन रविवारांत येते. ती शिका, मगच पैसे काढा. ज्याला अक्षरं वाचता येतात त्याला फसवणं अवघड जातं.

मिनँडरची जुनी नाणी इ.स. पहिल्या शतकात भडोचच्या बाजारात अजून चालत होती, असं ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने नोंदवलंय. आपला 'दाम' शब्दही द्राख्म, द्रम्म असा फिरत आलाय.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करा आणि पावती जपून ठेवा. भारतात 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. ग्रीस किंवा तुर्कस्तानात फिरताना कुणी 'शेतात सापडलं' म्हणून नाणं पुढे केलं तर हात लावू नका, परवान्याशिवाय ते बाहेर नेणं तिथे गुन्हा आहे.

आणि कृपा करून नाणं चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू नका. तो काळसरपणा दोन हजार वर्षांचा आहे, एकदा गेला की परत येत नाही.

दुसरं नाणं कोणतं, असं विचाराल तर नहपान या शक क्षत्रप राजाचं; त्याच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरं असतात. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याच्या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला होता. तसं एखादं नाणं उजेडात तिरकं धरलं की सातकर्णीच्या चिन्हाखालून अर्धवट ग्रीक अक्षरं डोकावतात. तोवर ती तुम्हाला वाचता येत असतील.