थंड पाण्यासाठी रेग्युलेटर निवडताना

प्रश्न : मी चार वर्षे उबदार समुद्रात स्कूबा डायव्हिंग करतो. माझा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून देणारे उपकरण, टायटॅनियमचा, पिस्टन पद्धतीचा आणि वजनाला अगदी हलका आहे. त्याने आजवर कधीही त्रास दिलेला नाही. या हिवाळ्यात ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) घालून एका डोंगरी तलावात उतरण्याचा विचार आहे. तिथे तळाचे पाणी चार-पाच अंश सेल्सिअस असते. विक्रेता म्हणतो की, रेग्युलेटर ‘बॅलन्स्ड’ असला की तो कुठेही चालतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. सिलिंडरमधील दाब कमी होत गेला तरी श्वास घेण्यास लागणारा जोर साधारण सारखाच राहतो, एवढाच ‘बॅलन्स्ड’ या शब्दाचा अर्थ आहे. बर्फ धरण्याशी त्याचा संबंध नाही, आणि थंड पाण्यातला खरा धोका बर्फाचाच असतो.

सिलिंडरमधली हवा सुमारे २०० बार दाबाची असते आणि फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरच्या झडपेवर बसणारा रेग्युलेटरचा पहिला भाग, तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त इतक्यावर आणतो. एवढ्या झपाट्याने प्रसरण पावणारी हवा शून्याच्या बरीच खाली थंड होते आणि आपल्याबरोबर धातूलाही थंड करते. उबदार समुद्राचे पाणी ही थंडी सहज भरून काढते, म्हणूनच आपल्याला आजवर काही जाणवले नाही. चार अंशांच्या पाण्याजवळ मात्र देण्याजोगी उष्णता फारच थोडी असते. अशा वेळी फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगभोवती शिरलेले पाणी गोठले, तर झडप उघडीच अडकते, नळीतला दाब वाढतो आणि सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा अखंड वाहू लागते. यालाच फ्री फ्लो म्हणतात. वाहणारी हवा धातूला आणखी थंड करते, त्यामुळे तो आपोआप थांबेल अशी आशा धरता येत नाही.

म्हणून सर्वांत आधी पाहावे ते हे, की फर्स्ट स्टेजच्या यंत्रणेपर्यंत पाणी पोहोचते का. डायाफ्राम पद्धतीत रबरी पडदा झडपेला पाण्यापासून वेगळे ठेवतो, आणि थंड पाण्यासाठी बनवलेल्या रेग्युलेटरमध्ये बाहेरच्या बाजूला दुसरा पडदा बसवून मुख्य स्प्रिंगही कोरडी ठेवलेली असते. साध्या पिस्टन पद्धतीत पडद्याऐवजी सरकता दट्ट्या असतो आणि स्प्रिंग थेट पाण्यात असते. सीलबंद पिस्टनही मिळतात, पण माझा कौल सीलबंद डायाफ्रामलाच आहे.

धातूचा मुद्दाही इथे महत्त्वाचा ठरतो. टायटॅनियम हलके असते आणि गंजत नाही, परंतु उष्णता वाहून नेण्यात ते पितळेच्या कित्येक पटींनी मागे पडते. आपल्याला भोवतालच्या पाण्यातली उरलीसुरली उष्णता यंत्रापर्यंत पोहोचवायची असल्यामुळे, क्रोमचा मुलामा दिलेले जड पितळच इथे कामाचे असते. सेकंड स्टेजचेही तसेच आहे. तिथे आपल्याच उच्छ्वासातली वाफ तरफेवर आणि झडपेवर गोठते, त्यामुळे धातूचा भाग जास्त असलेला किंवा उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या बसवलेला सेकंड स्टेज निवडावा.

युरोपीय मानक ईएन २५० नुसार १० अंशांखालचे पाणी थंड मानले जाते आणि अशा पाण्यासाठीच्या रेग्युलेटरची चाचणी ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात घेतली जाते. ज्यावर ‘१० अंशांपेक्षा जास्त’ अशी खूण असेल, तो आपल्या तलावासाठी नाही, मग तो कितीही महाग असो. रेग्युलेटर सिलिंडरला जोडण्यासाठी योकपेक्षा (वरून आवळणाऱ्या पकडीपेक्षा) डिन (आट्यांनी बसणारी) जोडणी घ्यावी, कारण तिच्यातली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) अधिक घट्ट बसते.

आणखी एक खर्च मी आग्रहाने सुचवेन. दोन स्वतंत्र झडपा असलेला सिलिंडर घेऊन प्रत्येक झडपेवर वेगळा फर्स्ट स्टेज लावावा. एक गोठला तर त्याची झडप बंद करून दुसऱ्यावर श्वास घेत वर येता येते. एकाच फर्स्ट स्टेजला जोडलेला ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण बिघाड दोघांच्या मुळाशी असतो. शिवाय ३० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासात पृष्ठभागापेक्षा चौपट हवा खर्च होते, आणि जितकी हवा जास्त तितकी थंडीही जास्त. म्हणून पहिल्या काही डाइव्ह उथळच ठेवाव्यात.

प्रश्न : माझा रेग्युलेटर थंड पाण्याचाच आहे. तरीही पाण्यात शिरण्याआधी, काठावरच फ्री फ्लो सुरू झाला. रेग्युलेटर सदोष आहे का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. काठावरची हवा शून्याखाली असताना तपासणी म्हणून दोन-चार श्वास घेतले, की उच्छ्वासातली वाफ सेकंड स्टेजमध्ये गोठते. त्यामुळे पहिला श्वास तोंड पाण्याखाली गेल्यावरच घ्यावा आणि पर्ज बटण (हवा मोकळी सोडणारे) उगाच दाबू नये. तोवर रेग्युलेटर उबदार जागी ठेवावा. मागच्या वेळी धुताना फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचे झाकण नीट बसले होते का, हेही आठवून पाहावे. आत राहिलेला पाण्याचा एक थेंबही पुरतो. सिलिंडर कोरड्या हवेने भरलेला असणे तितकेच आवश्यक आहे. पाण्याखाली ड्रायसूटमध्ये किंवा तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरताना थोडी थोडी भरावी, आणि त्याच क्षणी श्वास आत घेऊ नये, कारण दोन्ही मागण्या एकाच फर्स्ट स्टेजवर येऊन पडतात. एवढे सांभाळूनही पुन्हा तसेच घडले, तर सर्व्हिसिंग करणाऱ्याकडून दोन्ही स्टेजमधल्या नळीतला मधला दाब मोजून घ्यावा; तो उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेच्या वर सरकत असेल, तर झडपेची बैठक झिजलेली असण्याची शक्यता असते.