२०१६ च्या नॅस्कार ट्रक सीरिजमध्ये (अमेरिकेतली पिकअप ट्रकच्या शर्यतींची मालिका) सर्वाधिक ७ शर्यती जिंकूनही विल्यम बायरन चॅम्पियन का झाला नाही?

फिनिक्सच्या शर्यतीत इंजिन फुटलं आणि त्या वर्षीच्या बाद फेरीच्या नियमामुळे तो विजेतेपदाच्या स्पर्धेतूनच बाहेर पडला. ट्रक सीरिजमध्ये ही पद्धत २०१६ सालीच पहिल्यांदा आली: शेवटच्या ७ शर्यतींसाठी ८ चालक पात्र, ३ शर्यतींनंतर दोघे बाद, पुढच्या ३ शर्यतींनंतर आणखी दोघे, आणि उरलेल्या चौघांपैकी होमस्टेडच्या अंतिम शर्यतीत जो पुढे राहील तो चॅम्पियन. आधीचे विजय तिथे मोजलेच जात नव्हते. ११ नोव्हेंबरला फिनिक्सला १८ वर्षांचा बायरन आघाडीवर होता, शेवटच्या थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या आणि त्याच्या टोयोटाचं इंजिन गेलं. नवख्या चालकाचा तो हंगाम इतका जबरदस्त होता की हे आजही मनाला लागतं. आठवड्याने होमस्टेडची शर्यत त्यानेच जिंकली, पण अंतिम चौघांत नसल्याने हंगामाच्या क्रमवारीत तो पाचवाच राहिला. जॉनी सॉटर तिथे तिसरा आला आणि चॅम्पियन झाला. त्याला नशिबाचा विजेता म्हणणं मात्र चूक ठरेल, कारण मार्टिन्सव्हिल आणि टेक्सास या लागोपाठच्या शर्यती जिंकून त्याने अंतिम फेरी गाठली होती.

एक गोष्ट लक्षात घ्या: हे चालकांच्या विजेतेपदाबद्दल झालं. संघमालकांचे गुण वेगळे मोजतात, आणि ते विजेतेपद बायरनच्याच ९ क्रमांकाच्या ट्रकने त्याच्या संघाला, काइल बुश मोटरस्पोर्ट्सला, मिळवून दिलं.