आईचा फोन का उचलवत नाही?

‘ताई, आमचं गाव जतजवळ, घरी डाळिंबाची बाग. मी सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री तीनपर्यंत रील्स बघतो, सकाळची लेक्चर्स बुडतात. तीन विषय राहिलेत, घरी सांगितलेलं नाही. मोबाइल हातात असूनही आईचा फोन उचलत नाही. ॲप काढून टाकतो, परत घेतो. मला वेड लागतंय का?’

नाही रे बाळा. मोबाइलचं व्यसन असा वेगळा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही, गेमिंगचा आहे. म्हणून तुझा त्रास खोटा ठरत नाही म्हणा. पण मला रील्सपेक्षा आईचा फोन जास्त खुपला. स्क्रीनवर ‘आई’ येतं, वाजून वाजून बंद होतं आणि तुझा अंगठा पुन्हा सरकायला लागतो. तू मोबाइलमध्ये लपलायस, त्या तीन विषयांपासून. नुसतं ॲप काढून काय होणार?

बागेत डाळिंबावर तेल्या रोग दिसला तर वडील तो झाकून ठेवतील का? शनिवारी एसटी पकड, घरी जा. कुठले विषय राहिले, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, हे कागदावर लिहून ने आणि समोर बसून सांग. वडील तापतील. तापू देत.

आता रात्रीचं. रील्सना शेवटच नसतो, पुढची भारी निघेल म्हणून अंगठा थांबत नाही. तिथे एकट्याचा निग्रह पुरत नाही. आपल्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची प्रथा पडली. अख्ख्या गावाला भोंगा लागला! तू निदान रूममेट्सना सामील करून घे. अकराला सगळ्यांचे फोन दाराजवळ चार्जिंगला. गजराचं साधं घड्याळ आण, म्हणजे ‘अलार्मसाठी उशाशी लागतो’ ही सबब उरणार नाही. पहिले काही दिवस चिडचिड होईल.

एवढं करूनही दोनेक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. सांगली-मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइनही आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर दोन आठवडे कसले, रात्रीचे तीन वाजले असले तरी तेव्हाच लाव.