जपानीतले कला आणि साहित्याचे शब्द कसे शिकावेत? जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ ही मधली पातळी झालीय, एखादी चांगली यादी किंवा अ‍ॅप सुचवाल का?

यादी नाही सुचवणार. माझ्याकडे तीन याद्या होत्या, त्यातली एक तर लॅमिनेट केलेली. तिघींनी मिळून मला अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात तोंडावर पाडलं.

२०१६चा डिसेंबर. एन३च्या वरची पायरी, एन२, होऊन वर्ष झालेलं, पुण्यातल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले होते, अंगात मस्ती होती. जपानमधल्या नाराहून सहा जणांचा गट आला, सगळे साठीच्या पुढचे. त्यातले एक निवृत्त चित्रकलाशिक्षक. बाकीचे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणून मीही. दोन दिवसांचं दुभाषाचं काम, माहेर जळगाव, म्हणजे राहायची सोय घरचीच. लगेच हो म्हटलं.

नाराची माणसं एवढ्या लांब अजिंठ्याला का येतात, हे मला ठाऊक नव्हतं. तिकडच्या होर्यूजी देवळातली भित्तिचित्रं आणि आपलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, यांची तुलना जपानी अभ्यासक शंभरेक वर्षं करत आलेत. आराई काम्पो नावाचा चित्रकार १९१७-१८च्या सुमारास इथे येऊन भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करून गेला. पुढे होर्यूजीच्या चित्रांच्या नकलांचं काम निघालं, त्यातही तो होता. ते काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ला, देवळाला आग लागून मूळ चित्रं करपली. आपल्याकडे झेंडावंदन असतं त्या तारखेला तिकडे अजूनही देवळांतून आग विझवण्याच्या कवायती होतात. हे सगळं मला सेन्सेईंनी परतीच्या गाडीत सांगितलं. म्हणजे दुभाषी मी, आणि माहिती देणारे ते.

तर लेणं. आतला उजेड तुम्हाला माहीतच आहे, डोळे सरावायलाच दोन मिनिटं जातात. सेन्सेई पद्मपाणीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, इथली कुमादोरी कशी केली आहे ते विचारा. कुमादोरी! लॅमिनेटवाल्या यादीत होता शब्द, ‘नाट्यकला’ या मथळ्याखाली: काबुकी नटांची रंगभूषा. मी आमच्या फर्दापूरच्या गाइडकाकांना आत्मविश्वासानं विचारलं, “काका, ह्यांच्या चेहऱ्यावर मेकअप कसा केलाय, विचारताहेत.”

काका म्हणाले, “मेकअप? बोधिसत्त्वाला? ताई, सांगा त्यांना, हा काय तमाशाचा फड आहे का?”

आणि मी तेसुद्धा भाषांतरित केलं. तमाशाला शब्द सुचेना, म्हणून काबुकी म्हटलं.

सेन्सेई काही बोलले नाहीत. खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीनं अंड्यासारखा एक आकार काढला, कडेच्या आतल्या बाजूनं जरा शिसं फिरवलं आणि करंगळीनं आतल्या अंगाला पुसत नेलं. सपाट अंडं हळूहळू फुगलं, त्याचा गाल झाला. “कुमादोरी,” ते म्हणाले, आणि पद्मपाणीच्या नाकाकडे बोट केलं. मग माझ्या डोळ्यांखाली बोट दाखवून हसले. जाग्रणानं येतात ती काळी वर्तुळं म्हणजेही कुमाच. एका शब्दाच्या तीन खोल्या, माझ्या यादीनं मला एकीतच कोंडून ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर दुसरा प्रसंग. काका गिलाव्याबद्दल सांगत होते: मातीत भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. मी ‘तूस’पाशी अडले. शेवटी ‘कोमे नो फुकु’ म्हटलं, म्हणजे तांदळाचे कपडे. सहाही म्हातारे पोट धरून हसले. शब्द होता मोमिगारा. मातीत घालायच्या तंतूंना सुसा, आणि चित्राखालच्या त्या सगळ्या तयारीला शिताजी. सेन्सेई सुसा म्हणताना दोन्ही हातांनी माती मळल्यासारखं करत होते आणि मला आमची आजी दिसत होती, ओसरीची भिंत लिंपणारी. तूस कमी पडलं की भिंत तडकते, हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. मराठीत माहीत होतं, हातानं माहीत होतं, जपानीत सत्ताविसाव्या वर्षी आलं आणि पुन्हा गेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्या गोष्टीचा मराठी शब्द तुम्हाला येत नाही, तिचा जपानी शब्द टिकणार नाही. गिलावा, खळ, गेरू, घोटणी, ठसा हे शब्द आधी तोंडात हवेत. मग निकावा म्हणजे रंगात घालायचा सरस, हे एकदा ऐकलं की बसतं. बेंगारा म्हणजे तांबडा गेरूसारखा रंग, आणि त्याचं नाव आलंय बंगालवरून. निळ्याला सेन्सेई सारखे रुरी म्हणत होते. घरी येऊन शोधलं तर तो आपला वैडूर्य निघाला, चीनमार्गे जाता जाता मागचा अर्धा भाग उरलेला. आपल्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या हे रत्न, तिकडे निळा. असे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

प्रत्यक्ष काय करायचं तर संग्रहालयांच्या पाट्या वाचा. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाची चित्रं नेटवर मोफत दिसतात, पाटीसकट. ‘शिहोन चाकुशोकु’ म्हणजे कागदावर रंगीत, ‘केनपोन चाकुशोकु’ म्हणजे रेशमावर रंगीत, ‘शिहोन बोकुगा’ म्हणजे कागदावर शाईचं. अशी दहाबारा जोडशब्दांची कुटुंबं ओळखीची झाली की पाट्या घडाघडा वाचता येतात. लाकडी ठशांच्या छपाईत एशी चित्र काढतो, होरिशी कोरतो, सुरिशी छापतो. दर रंगाला कागद त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला खाच असते, तिला केंतो म्हणतात. तोच केंतो रोजच्या बोलण्यात अंदाज या अर्थानं येतो, आणि अंदाज साफ चुकला की ‘केंतो-चिगाई’. ऑफिसच्या मेलमधला ‘विचार करून कळवतो’वाला केंतो वेगळा, त्याची कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, तीही वेगळी. तिथे गफलत करू नका.

साहित्याचं थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत कमी. आओझोरा बुन्को ही वेबसाइट उघडा, जुनं साहित्य फुकट आहे आणि अवघड कांजींवर बऱ्याचदा उच्चारही दिलेले असतात. साइजिकी म्हणजे हायकूतल्या ऋतुशब्दांचा कोश, त्यातलं रोज एक पान वाचा. पावसाचं प्रकरण आपल्याला सोपं जातं, कारण वळीव, श्रावणसर आणि परतीचा पाऊस यांत फरक करायची सवय आहेच. उन्हाळ्यातला संध्याकाळचा यूदाची वाचताना मला वळीवच आठवतो. मात्सु म्हणजे पाइनचं झाड आणि मात्सु म्हणजे वाट पाहणं, यावर तिकडच्या कवींनी शतकानुशतकं श्लेष केलेत. शाळेत श्लेष अलंकार शिकलेल्याला काकेकोतोबा समजावून सांगावा लागत नाही. आणि वाबी-साबी, इकिगाई, किंत्सुगी हे तीन शब्द कृपा करून सहा महिने वापरू नका. इन्स्टावाल्यांनी त्यांचा पार चोथा केलाय.

आता खरं सांगते, हा प्रश्न मला का झोंबला. त्या सहलीनंतर मी क्लासमध्ये म्हटलं होतं की आठवड्यातून एक तास चित्रं दाखवून शिकवू या. तिथले मुख्य सर सगळ्यांसमोर म्हणाले, “कलेचे शब्द घेऊन मुलं काय भजी तळणार? त्यांना वेल्डिंग आणि बेअरिंगचे शब्द द्या, नोकरी लागेल.” मी वर्षभरात तो क्लास सोडला. नोकऱ्या लागल्या त्या मुलांना, हे मान्य. पण त्यातल्या दोघातिघांचे फोन येतात, की साहेब जेवायला नेतात आणि भिंतीवरच्या चित्राबद्दल बोलतात तेव्हा नुसतं ‘किरेई देसु ने’, म्हणजे ‘सुंदर आहे, नाही?’, म्हणून किती वेळ काढायचा?

तुम्हाला फक्त एन२ काढायचं असेल तर यातलं काहीच करू नका, परीक्षेत तूस विचारत नाहीत. जुनं काव्य वाचायचं असेल तर आधी जुनं व्याकरण लागेल, ते एन१मध्येही धड येत नाही. आणि हो, एन१मध्ये मी दोनदा नापास झालेय, तेव्हा सल्ला त्या बेतानं घ्या.

गेल्या जानेवारीत त्याच सरांचा मेसेज आला. एका जपानी कंपनीनं नवीन वर्षाचं कॅलेंडर पाठवलं होतं, दर महिन्याला एक जुनं चित्र, आणि इथल्या साहेबांना प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते हवं होतं. “अगं, हे शिहोन चाकुशोकु काय प्रकरण आहे? घाई आहे.” मी पानागणिक दर कळवला. बाराच्या बारा पानांचं बिल लावलं, जुलैच्या पानावर फक्त ‘रेशमावर रंगीत’ एवढंच होतं, तरीही. पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले. आभाराचा मेसेज नाही आला.