वाचकांचे प्रश्न : बत्तिशीतला मुख्य प्रशिक्षक

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक निवृत्त होत असून, दोन हंगाम आक्रमणाचे कोऑर्डिनेटर (संघाच्या आक्रमक बाजूची सूत्रे सांभाळणारे सहायक प्रशिक्षक) असलेल्या ३२ वर्षांच्या सहायकालाच बढती द्यावी, असा विद्यार्थ्यांचा आग्रह आहे. इतक्या लहान वयात तो या पदासाठी तयार असेल का?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : केवळ वयामुळे त्याला नाकारणे योग्य ठरणार नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये केनी डिलिंगहॅम यांची मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली, तेव्हा तेही ३२ वर्षांचेच होते. पहिल्या हंगामात त्यांच्या वाट्याला तीन विजय आणि नऊ पराभव आले. मात्र २०२४ मध्ये, हंगामापूर्वीच्या अंदाजांत तळाला असलेल्या त्याच संघाने अकरा सामने जिंकून बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटस्पर्धेचे विजेतेपद मिळवले.

आपण वर्णन केलेली परिस्थिती मात्र ओक्लाहोमा विद्यापीठाशी अधिक जुळते. तेथे २०१७ मध्ये मुख्य प्रशिक्षक बॉब स्टूप्स निवृत्त झाले आणि दोन हंगाम कोऑर्डिनेटर असलेल्या, ३३ वर्षांच्या लिंकन रायली यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. पहिल्या तिन्ही हंगामांत त्यांनी संघाला प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत) नेले. पण तिन्ही वेळा उपांत्य फेरीत हार पत्करावी लागली आणि त्यांतील काही सामन्यांत बचाव अक्षरशः कोलमडला. म्हणूनच, आतल्या माणसाला बढती मिळते तेव्हा पहिल्या वर्षाचे यश कितपत त्याचे आणि कितपत आयत्या मिळालेल्या संघाचे, हे तपासावेच लागते.

सहायकाला संघाच्या एकाच बाजूचा विचार करायचा असतो, तर मुख्य प्रशिक्षकाला संपूर्ण सामना डोक्यात ठेवावा लागतो. चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतील शेवटच्या वेळी, दोन यार्ड हवे असताना चाल खेळायची, फील्ड गोल (गोलखांबांमधून लाथेने चेंडू मारणे) मारायचा की पंट (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्यांकडे धाडणे) करायचा, हा निर्णय चाळीस सेकंदांच्या घड्याळावर होतो. शिवाय क्वार्टरबॅकच्या (मैदानावर आक्रमणाचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूच्या) हेल्मेटमधील, प्रशिक्षकाच्या सूचना पोहोचवणारा रेडिओ पंधरा सेकंद उरताच बंद होतो. चालीही स्वतःच सांगणाऱ्या प्रशिक्षकाला त्याच वेळी टाइमआउट, बचावपटूंचा थकवा आणि पंचांचा निर्णय यांकडेही लक्ष द्यावे लागते. माझ्या मते तरुण प्रशिक्षकांची खरी ओढाताण येथेच होते. मैदानाबाहेरचे ओझेही हलके नाही : ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी-यादीमुळे) खेळाडू वर्षागणिक संघ बदलतात, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली आहेत.

घाईची किंमत कशी मोजावी लागते, हे लेन किफिन यांच्या वाटचालीत दिसते. तिशी ओलांडताच ते मुख्य प्रशिक्षक झाले. पण २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने हंगामाच्या मध्यावरच त्यांना काढल्यावर त्यांनी अलाबामा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली तीन हंगाम पुन्हा सहायक म्हणून घालवले, आणि त्यानंतर फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी अकरा विजय मिळवले.

आपल्या मुलाच्या विद्यापीठाबद्दल माझे मत असे : हा सहायक बचावाची सूत्रे, पूर्वी स्वतः मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या अनुभवी माणसाकडे देऊन त्याला खरोखर मोकळीक देणार असेल, तर त्याला जरूर नेमावे. आपल्याच वयाचे मित्र भोवती जमवण्याचा त्याचा बेत असेल, तर मात्र बाहेरून माणूस आणणे अधिक श्रेयस्कर.